शाळेसमोरचं मोबाईल सांभाळणारं झेरॉक्सचं दुकान: पाचपैकी साडेतीन

माझी मुलगी दहावीला आहे. शाळा तालुक्याच्या गावाला, आमच्या वाडीपासून १७ किलोमीटर, मध्ये घाट. शाळेत मोबाईल चालत नाही. दप्तरात सापडला की ऑफिसात जमा, आणि पालक जाऊन अर्ज लिहून देईपर्यंत परत नाही. म्हणून गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी पोरांचे फोन ठेवून घ्यायला सुरुवात केली. दिवसाला ५ रुपये, महिन्याचे एकदम दिले तर १००. जूनपासून आम्ही महिन्याचे भरतोय.

व्यवस्था बघण्यासारखी आहे. प्लायवूडच्या फळीवर खिळ्यांच्या चार ओळी, प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी. पिशव्या काकूंनी उरल्यासुरल्या ब्लाऊजपीसच्या शिवल्यात. फोन काकांसमोर बंद करायचा, पिशवीत घालायचा आणि पुठ्ठ्याचं टोकन घ्यायचं. बंद करायची अट नंतर आली. पहिल्या आठवड्यात दिवसभर कुठली ना कुठली पिशवी वाजायची आणि सातबाराची झेरॉक्स काढायला आलेलं गिऱ्हाईक काम सोडून फळीकडं बघत बसायचं. टोकनावरचे आकडे इंग्रजी. त्यामुळं एकदा सहा आणि नऊची अदलाबदल झाली न् आमच्या पोरीच्या हातात कुणाचा तरी गेमांनी भरलेला फोन आला. आता आकड्यांखाली रेघ मारलीय.

पोरीला फोन कशाला दिला, असं नातेवाईक विचारतात. शाळेत लागतो म्हणून नाही दिला, रस्त्यात लागतो म्हणून दिला. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण पास दाखवायला गाडी तर यायला हवी. ५.४० ची रद्द झाली की पुढची सातला. तेवढं एक वाक्य मला कळलं पाहिजे: 'आई, सातच्या गाडीनं येतेय.' आधी तिला साधा बटणांचा फोन घेतला होता. तो टूजी निघाला, घरातलं जिओचं कार्ड त्यात चालेना. दुसरं कार्ड घ्यायच्या विचारात होते, तेवढ्यात शाळेनंच वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि अभ्यास त्यावर यायला लागला. मग माझा जुना फोन तिला द्यावा लागला. मोबाईल आणू नका म्हणणारी शाळा अभ्यास मोबाईलवरच पाठवते!

मी स्वतः अंगणवाडी सेविका. बाळांची वजनं-उंच्या पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरताना अर्धा दिवस जातो. २०२१ साली सरकारनं दिलेले फोन धड चालेनात म्हणून राज्यभरच्या सेविकांनी ते परत केले, त्यात मीही होते. फोन कामाचा कधी आणि डोक्याला ताप कधी, हे मला कुणी शिकवायला नको.

आता दीड तारा का कापला ते. ऑगस्टात एका गुरुवारी काकांच्या पाहुण्यांत मयत झाली. दुकानामागंच त्यांचं घर, तेही कुलूप लावून सगळे गेले. आत तीसेक फोन. शाळा पाचला सुटली. शटरवर काकांचा नंबर मोठ्या अक्षरात रंगवलाय, पण लावायला फोन आत! नेमकी त्या दिवशी सातची गाडीही आली नाही. पोरगी साडेआठला दुधाच्या गाडीतून उतरली, मी फाट्यावर बॅटरी घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी काकांनी न मागता आठवड्याचे पैसे परत केले. तेव्हापासून एक किल्ली शेजारच्या मेडिकलमध्ये असते. याचा एक तारा गेला. अर्धा गेला पावती नाही म्हणून. फोन हरवला तर काय, असं विचारलं की काका नुसते गणपतीच्या फोटोकडं बोट करतात.

माझं खरं म्हणणं दुकानाबद्दल नाहीच. हीच फळी शाळेच्या शिपायांच्या टेबलामागं ठोकता आली असती. पालकसभेत मी बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, आत येऊ दिला की वर्गात पोचतो, कुणी मुलींचे फोटो काढतं, आणि हरवला तर भरून कोण देणार? फोटोंचं त्यांचं बरोबर आहे. वर्गात फोन नकोच, मीही तेच म्हणते. पण भरून देण्याची जबाबदारी पाच रुपयांत झेरॉक्सवाल्यानं घ्यायची, हे काही पटत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तिथं अख्ख्या गावानं मिळून वेळ पाळली. इथं सगळं पोरांवर ढकललंय.

बाकी, ज्यांना फोन ठेवायचाय त्यांनी खुशाल ठेवावा. चार्जिंगचे ५ रुपये वेगळे, ते मात्र जास्त वाटतात. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा काका उठलेले नसतात. काकू मागचं दार उघडून फोन घेतात, पण टोकन देत नाहीत. 'टोकन कशाला, तुझं तोंड लक्षात आहे की,' म्हणतात.