क्लायंट सांभाळायचा की नारळ द्यायचा? आयकर रिटर्न भरून देणाऱ्यांसाठी एक तुलना

"सर, मागच्या वर्षी ज्यानं रिटर्न भरलं त्यानं पासष्ट हजार रिफंड काढून दिला होता. तुमच्याकडे पंधराशेच कसा?"

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलानं माझ्यासमोर बसून विचारलेला हा प्रश्न. मागचं रिटर्न उघडलं. जुनी करप्रणाली, घरभाडं महिना २५,०००, घरमालक म्हणून आईचा पॅन. आई सांगलीला. भाडेकरार नाही, बँकेतून पैसे गेलेले नाहीत, आईच्या रिटर्नमध्ये भाड्याचा पत्ता नाही. मुलगा राहतो वाकडला, स्वतःच्याच फ्लॅटमध्ये, आणि त्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याजही वजा घातलेलं. ज्यानं हे करून दिलं त्यानं रिफंडच्या दहा टक्के घेतले आणि आता तो फोन उचलत नाही.

पुण्यात रिटर्न भरून देणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हा मुलगा कधी ना कधी येतो. अशा वेळी रस्ते दोनच: सांभाळून त्याची मागची घाण साफ करून घ्यायची, किंवा नम्रपणे नारळ द्यायचा. बरेच जण तिसराही काढतात, यंदाचं तेवढं नीट भरायचं आणि मागच्याकडे काणाडोळा करायचा. तो रस्ता मी तुलनेत धरतच नाही. एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर 'मला माहीत नव्हतं' म्हणण्याची सोय संपते.

आधी पैशाचं बोलू, कारण क्लायंट थांबतो की जातो हे तिथेच ठरतं. वरच्या मुलाचा २०२४-२५ चा मूळ पगार १० लाख, एचआरए (घरभाडं भत्ता) ४ लाख. वर्षाचं भाडं ३ लाख, त्यातून पगाराच्या दहा टक्के गेले, म्हणजे २ लाखांची खोटी सूट. तीस टक्के आणि चार टक्के सेस धरून बुडवलेला कर ६२,४००. व्याजासह समजा ७०,००० झाले. सुधारित रिटर्न म्हणजे मुदतीच्या आत केलेली दुरुस्ती, अपडेटेड म्हणजे ती मुदत गेल्यावर जादा कर भरून केलेली. आता तीन वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघा:

| | सुधारित रिटर्न | अपडेटेड रिटर्न | नोटिशीची वाट बघणे |
|---|---|---|---|
| मुदत | संपली | ३१ मार्च २०३० पर्यंत | विभागाच्या मर्जीवर |
| कर आणि व्याजावर जादा | काही नाही | पहिल्या वर्षी १७,५००, मग ३५,०००, ४२,००० आणि चौथ्या वर्षी ४९,००० | कराच्या २०० टक्के दंड, म्हणजे १,२४,८०० |
| अडचण | वेळेत लक्षात यायला हवं | रिफंड वाढवता येत नाही, तोटा दाखवता येत नाही, छाननी सुरू झाली की बंद | सगळा पुरावा आपण द्यायचा |

व्याज महिन्यागणिक चढत जातं ते वेगळंच. अपडेटेड रिटर्नची सोय २०२२ च्या वित्त कायद्यानं आली तेव्हा मुदत २४ महिन्यांची होती. २०२५ मध्ये ती ४८ झाली, आणि २५, ५० च्या पुढे ६० आणि ७० टक्क्यांच्या पायऱ्या आल्या. मी हा तक्ता कागदावर काढून क्लायंटकडे सरकवतो आणि गप्प बसतो. उपदेशापेक्षा १७,५०० समोर १,२४,८०० हे जास्त बोलतं.

"पण सर, सगळेच करतात." करत होते. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागानं देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती मुख्यतः असे खोटे दावे भरून देणाऱ्या एजंटांवर. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० लोकांनी रिटर्न अपडेट करून १,०४५ कोटींचे दावे मागे घेतले, असं विभागानं तेव्हाच सांगितलं होतं. त्याच वर्षीच्या फॉर्ममध्ये एचआरएचा सगळा हिशोब, विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर असले रकाने आले. आईचा पॅन दिलेला आहे म्हटल्यावर तिच्या रिटर्नशी जुळवणी करायला कुणी माणूस बसवावा लागत नाही.

आता आपली बाजू. सांभाळला तर फी दुप्पट घेता येते आणि घ्यावीच, कारण काम तिप्पट असतं: जुने फॉर्म १६, एआयएस (विभागाकडे जमलेली क्लायंटच्या व्यवहारांची माहिती), फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा उतारा), आधीच्या दोन-तीन वर्षांचंही उकरून बघायचं. नारळ दिला तर तासाभरात मोकळे. पण यात एक मोठा फरक आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मागचं रिटर्न दुसऱ्यानं भरलेलं असेल तर नारळ देऊन तुम्ही खरंच सुटता. ते तुमच्याच ऑफिसातून गेलं असेल, तुमच्या हाताखालच्या पोरानं घाईत 'भाडं किती लिहू?' एवढंच विचारून भरलं असेल, तर क्लायंट घालवून काहीच सुटत नाही. खोटं रिटर्न करायला मदत करणं हा क्लायंटच्या गुन्ह्याहून वेगळा गुन्हा आहे, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २७८. क्लायंट गेला की दुरुस्तीची संधीही जाते, आणि उद्या तो सांगणार, 'कन्सल्टंटनी भरलं, मी फक्त ओटीपी दिला.' म्हणून माझा ठोकताळा असा: चूक आपल्या हातची असेल तर अपडेटेड रिटर्न भरून होईपर्यंत त्याला सोडायचं नाही, लागलं तर फी न घेता. चूक दुसऱ्याची असेल तर एकच बघायचं. तक्ता बघून तो काय म्हणतो?

"भरू या" म्हणाला तर ठेवा. "विचार करतो" म्हणाला तर त्याच संध्याकाळी ईमेल पाठवा: काय चुकलंय, किती भरावं लागेल, कधीपर्यंत, आणि ते होईपर्यंत यंदाचं रिटर्न आम्ही भरणार नाही. आठ दिवस द्या. "यंदा पण तसंच करा ना, टक्केवारी देतो" म्हणाला तर चहासुद्धा मागवू नका. सीए असाल तर रिफंडच्या टक्केवारीवर फी घेणं तसंही गैरवर्तनात बसतं. सीए नसाल तरी टक्केवारी घेतली की खोट्या रिफंडमध्ये आपलाही वाटा झाला, हे समजायला कायदा कशाला लागतो.

वाकडच्या त्या मुलानं सहा दिवसांनी पैसे भरले. वडील बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनीच दम भरला म्हणे.

दुसरी जात परदेशी शेअरवाल्यांची. खराडी, मगरपट्टा, हिंजवडी, कुठेही जा. अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या निम्म्या लोकांच्या खात्यात आरएसयू, म्हणजे कंपनीनं पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर, पडलेले असतात. पगारात कर कापला गेला, म्हणून त्यांना वाटतं विषय संपला. रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता रिकामा, डिव्हिडंड दाखवलेला नाही. एचआरएवाल्या मुलाशी तुलना केली तर इथे दंडाची रक्कम मोठी, काळा पैसा कायद्याखाली १० लाख. पण मनात खोट बहुतेक वेळा नसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही, त्यामुळे आधी तो आकडा काढा. शेअरचा भाव चढलेल्यांचा तो सहज ओलांडला जातो.

हे क्लायंट मी शक्यतो सोडत नाही. कागद सगळे ब्रोकरच्या खात्यात असतात, मागितले की दोन दिवसांत येतात. काम किचकट आहे खरं. हा तक्ता आपल्या एप्रिल-मार्चवर चालत नाही, कॅलेंडर वर्षावर चालतो, आणि दरवर्षी कुणीतरी तिथे घसरतोच. डिव्हिडंडवर अमेरिकेत २५ टक्के आधीच कापलेले असतात, त्याचं क्रेडिट घ्यायला फॉर्म ६७ भरावा लागतो. आणि एक अडचण आधीच सांगून ठेवा: अपडेटेड रिटर्न भरायला जादा कर निघावा लागतो. डिव्हिडंड दाखवायचा राहिला असेल तर कर बहुधा निघतो. नुसता तक्ता राहिला, कर शून्य, तर त्या वाटेनं जाता येत नाही. अशा वेळी आपल्याला जमत नसेल तर या विषयातल्या माणसाकडे पाठवा. तो नारळ नव्हे, क्लायंट धन्यवाद देत जातो.

तिसरा प्रकार वरवर सगळ्यात सज्जन दिसतो. भोसरीत फॅब्रिकेशनचं शेड असलेले एक काका आले होते. वर्षाची कमाई चारेक लाख. मुलासाठी फ्लॅट घ्यायचा, बँकेला तीन वर्षांची रिटर्न्स हवीत, तर म्हणाले, "प्रत्येक वर्षी नऊ लाख दाखवा. कर भरतो ना मी! सरकारचं काय जातंय?" नवख्या कन्सल्टंटला यात पाप दिसत नाही. क्लायंट स्वतःहून जास्त कर भरतोय, फी तिन्ही वर्षांची मिळतेय. पण फसतेय ती बँक, आणि हप्ते थकले की ती फाइल पहिल्यापासून उघडते.

इथे सांभाळणं आणि सोडणं यांतली रेघ सोपी आहे. जीएसटीची रिटर्न्स आणि बँकेचे उतारे समोर ठेवा. छोट्या धंद्यांना अंदाजे नफा दाखवू देणाऱ्या कलम ४४एडी मध्ये डिजिटल जमेवर ६ आणि रोखीवर ८ टक्के हा किमान नफा आहे. खरा नफा जास्त झाला असेल तर तो दाखवायचाच, आणि मागच्या वर्षी कमी दाखवला असेल तर अपडेटेड रिटर्न हीच त्याची वाट. उलाढालच पुरत नसेल तर विषय संपला. काकांची पुरत नव्हती. मी नाही म्हटलं. बाहेर पडताना म्हणाले, "खालच्या मजल्यावर दीड हजारात करून देतात." देत असतील.

एकाच घरातले दोन क्लायंट, आणि घर मोडलेलं, हा प्रकार कुठल्याच रकान्यात बसत नाही. नवरा फोन करतो, "तिचं एआयएस बघून एफडी किती आहेत तेवढं सांगा की, लॉगिन तुमच्याकडेच आहे." नाही सांगायचं. सीएसाठी ते १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यानं गैरवर्तन आहे, आणि इतरांसाठीही उत्तर तेच. दोघं नोकरदार असतील आणि एकमेकांत आर्थिक काही उरलं नसेल तर दोघांनाही ठेवता येतं: फायली वेगळ्या, ईमेल वेगळे, पासवर्ड त्या दिवशी बदललेले, एकाची फी दुसऱ्याकडून नाही. पण कोथरूडचा एकत्र नावावरचा फ्लॅट विकायचाय आणि कुणाचे किती पैसे यावर वाद आहे, असं असेल तर दोघांनाही एकाच दिवशी सोडा. एकाला ठेवून दुसऱ्याला काढणं सगळ्यात वाईट, कारण काढलेल्याचं गुपित तुमच्या डोक्यात राहतं. मला वीस वर्षांची ओळख असलेलं एक जोडपं असं सोडावं लागलं. सोपं गेलं नाही.

उशिरा कागद देणारे नातेवाईक: सांभाळा, फी आगाऊ घ्या. मुदत चुकली तर ५,००० लेट फी, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००, आणि पगारदाराला जुनी करप्रणाली निवडता येत नाही. मावसभावाला हे जूनमध्येच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा, म्हणजे दिवाळीच्या फराळाला तोंड दाखवता येईल.

नारळ द्यायचाच ठरला तर कधी आणि कसा, यातही फरक पडतो. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सोडलात तर त्याचं नुकसान तुमच्या माथी. सोडायचं तर ऑगस्टनंतर, किंवा जूनच्या आधी. फी बुडाली तरी त्याचे मूळ कागद अडवू नका. चार हजारांसाठी भांडणारा क्लायंट तक्रार करायलाही मागेपुढे बघत नाही. ऑडिटचा क्लायंट असेल तर नवे सीए काम घेण्याआधी तुम्हाला लेखी विचारतील, तेव्हा उत्तर मोजकं आणि खरं द्या.

आणि ई-फायलिंगच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. आपल्याकडे सर्रास स्वतःचाच घालायची पद्धत आहे, क्लायंटला कटकट नको म्हणून. भोसरीच्या काकांचं त्याआधी एक वर्ष मी रिटर्न भरलं होतं. त्यांना नाही म्हटल्यावर मी फाइल परत दिली, पावती घेतली, सगळं रीतसर. प्रोफाइल बदलायचं राहिलं. पुढच्या मार्चमध्ये रात्री साडेदहाला माझ्या फोनवर त्यांच्या लॉगिनचा ओटीपी आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि मग एका अनोळखी नंबरवरून फोन: "सर, आम्ही खालच्या मजल्यावरून बोलतोय. जरा ओटीपी सांगता का?"