हॉर्नडीचं ओएएल गेज: थ्रोटची झीज मोजायला कितपत कामाचं

ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) फुटायला, म्हणजे पसरायला लागला की सगळे बॅरलला दोष देतात. बऱ्याचदा दोष बॅरलचा नसतो. पण तो आहे की नाही हे ठरवायला हातात आकडा लागतो. हॉर्नडीचं लॉक-एन-लोड ओएएल गेज (ओएएल म्हणजे काडतुसाची एकूण लांबी) तो आकडा देतं: केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, चेंबरमध्ये टेकलेली असताना बुलेट रायफलिंगच्या लँडना (नळीतल्या पिळदार खाचांमधल्या उंचवट्यांना) नेमकी कुठे भिडते. काडतुसं स्वतः भरणाऱ्याला तो लागतो. मूळचं हे स्टोनी पॉइंटचं अवजार, पुढे हॉर्नडीकडे आलं. थ्रोट किती पुढे सरकला हे मोजायला एवढं सोपं साधन दुसरं नाही. थ्रोटची अवस्था काय आणि बॅरल संपलं का, हे मात्र त्याला विचारू नका.

थ्रोट म्हणजे चेंबरच्या पुढचा तो छोटा पट्टा, जिथे बुलेट केसमधून सुटून लँडमध्ये शिरते. पावडरचा सगळा ताप इथेच आदळतो. दर फैरीला पोलादाचा पृष्ठभाग क्षणभर प्रचंड तापतो आणि लगेच निवतो. वरचा थर कडक, ठिसूळ होतो, त्यावर जाळीसारखे तडे पडतात आणि वायूच्या झोतात त्यांच्या कडा झडत जातात. लँडची सुरुवात अशी पुढे पुढे सरकते. नळीच्या छेदाच्या मानाने पावडर जितकी जास्त, तितकी ही झीज वेगाने होते. म्हणूनच .308 विंचेस्टरचं बॅरल हजारो फैरी निभावतं आणि 6.5-284 नॉर्मासारखं काडतूस साधारण हजार-बाराशे फैरींतच स्पर्धेच्या अचूकतेतून उतरतं. फैरी किती लागोपाठ झाडल्या यावरही बरंच अवलंबून असतं. बॅरल हाताला चटका देत असताना झाडलेल्या दहा फैरी निवांत झाडलेल्या दहांपेक्षा महाग पडतात.

गेज दोन प्रकारांत येतं. सरळ गेज बोल्ट अॅक्शन आणि सिंगल शॉट रायफलींसाठी. वाकडं गेज सेमी-ऑटो, पंप आणि लिव्हर अॅक्शनसाठी, कारण त्यांत मागून सरळ दांडा घालता येत नाही. बोल्ट अॅक्शन असेल तर सरळच घ्या, त्यात दांडा किती जोराने लागतोय ते हाताला नीट कळतं. घेणाऱ्याची निराशा होते ती इथे: नुसत्या गेजने काहीच मोजता येत नाही. आपल्या काडतुसाची मॉडिफाइड केस वेगळी घ्यावी लागते (गेजवर फिरवून बसवायला तिच्या बुडाला 5/16-36 आटे पाडलेले असतात), कंपॅरेटरची (कॅलिपरला लावायच्या जोडाची) बॉडी आणि आपल्या कॅलिबरचा इन्सर्ट वेगळा, वर बरा कॅलिपर. कंपॅरेटर हवाच, कारण बुलेटच्या टोकापासून मोजलेली लांबी इथे कुचकामी आहे. एकाच डब्यातल्या हॉलो पॉइंट बुलेटची टोकंसुद्धा काही थाउंनी कमीजास्त असतात (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). इन्सर्ट बुलेटच्या गोलाईवर, म्हणजे ओजाइव्हवर बसतो आणि माप तिथून घेतलं जातं.

मोजण्याआधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं टेबलावरून उचलून ठेवा. बोल्ट काढून घ्या. चेंबर आणि थ्रोट स्वच्छ करा. इथे आळस केला तर पुढचे सगळे आकडे फुकट. मॉडिफाइड केस गेजवर घट्ट फिरवून बसवा, बुलेट नेकमध्ये (केसच्या अरुंद तोंडात) सैल सोडा आणि केस चेंबरमध्ये शोल्डर (नेकखालचा उतार) टेकेपर्यंत सरकवा. एका हाताने गेज पुढे धरून ठेवायचं, दुसऱ्या हाताने दांडा हलकेच ढकलायचा. बुलेट लँडना टेकली की दांडा अडतो. तिथेच थांबा आणि स्क्रू आवळा. गेज बाहेर काढताना बुलेट बहुधा आतच अडकते. थूथनाकडून, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाकडून, क्लीनिंग रॉड घालून हलका धक्का दिला की सुटते. मग ती परत केसमध्ये दांड्याला टेकवून कंपॅरेटरने मोजा. कॅलिपर आधी इन्सर्टसकट शून्यावर आणलेला असला पाहिजे. काम संपलं की नळीतून आरपार पाहा. आत राहिलेली बुलेट तशीच ठेवून फैर झाडली तर बॅरल फाटू शकतं.

चुका बहुतेक हाताच्या असतात. दांडा जोराने रेटला की बुलेट लँडमध्ये रुतते आणि रीडिंग पाच-सहा थाउ लांब येतं. पाच वेळा मोजा. दोन-तीन थाउच्या आत जुळणारी रीडिंग धरा, बाकीची सोडा. मोजायला दरवेळी तीच एक बुलेट वापरा. ती मार्करने खूण करून पिशवीत वेगळी ठेवलेली बरी, कारण बुलेटची लॉट बदलली की ओजाइव्हची जागाही बदलते आणि ती झीज समजून माणूस फसतो. इन्सर्टही तोच हवा. दुसऱ्या कंपनीच्या इन्सर्टचं भोक किंचित वेगळं असलं तरी सगळे आकडे सरकतात.

आणखी एक खाच आहे. विकत मिळणाऱ्या मॉडिफाइड केसचा शोल्डर आपल्या चेंबरमध्ये उडवलेल्या (फैर झाडलेल्या) केसपेक्षा सहसा आखूड असतो. समजा तो चार थाउने आखूड आहे. तर मॉडिफाइड केस चेंबरमध्ये चार थाउ जास्त पुढे जाते आणि रीडिंग तेवढंच कमी येतं. ते चार थाउ मिळवायचे. झीज मोजताना हा फरक दोन्ही रीडिंगमधून आपोआप वजा होतो, म्हणून फक्त तुलना करायची असेल तर दुर्लक्ष चालेल. बुलेट किती खोल बसवायची हे त्यावरून ठरवणार असाल तर चालणार नाही. आपल्याच रायफलीत उडवलेल्या केसला भोक पाडून आटे टाकले तर प्रश्नच मिटतो. एल नंबरचं ड्रिल आणि 5/16-36 टॅप लागतो, भोक मात्र सरळ मध्यावर हवं. लेथवर धरून पाडलं तर उत्तम.

याहून काटेकोर पद्धत गेजशिवायची आहे: बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून, प्रायमर-पावडर नसलेली डमी काडतुसं थोडी थोडी खोल बसवत जायची, आणि बोल्ट उघडताना लागणारी बारीक अडकण ज्या लांबीला नाहीशी होते ती नोंदवायची. ती एखाद्या थाउपर्यंत जुळते, पण वेळ खाते. झीज पाहायला गेज पुरेसं आहे.

आता आकड्याचा अर्थ. समजा नव्या बॅरलला बुडापासून ओजाइव्हपर्यंत 2.210 इंच आलं होतं आणि आज तीच बुलेट 2.245 दाखवते. म्हणजे लँड 35 थाउ पुढे गेल्या. एवढ्यावर बॅरल बदलायला निघू नका. पुष्कळ बॅरल 50-60 थाउ सरकल्यावरही नीट मारतात. ओजाइव्हचा आकार सौम्य असलेल्या बुलेटना लांब उडी (केसमधून सुटून लँडपर्यंतचं अंतर) चालते, अणकुचीदार व्हीएलडी (हवेचा विरोध फार कमी असलेल्या) बुलेट जास्त नखरे करतात. बुलेट बाहेर घेत लँडच्या मागे धावत सुटण्याआधी उडीच्या वेगवेगळ्या लांब्या तपासा. लँडपासून 10, 50, 90 आणि 130 थाउ असे मोठे टप्पे घेतले की चांगला पट्टा लवकर सापडतो. बाहेर घेण्याला मर्यादाही आहेत: मॅगझिनची लांबी (6.5 क्रीडमूर काडतुसाची सॅमी या अमेरिकी मानक संस्थेने ठरवलेली कमाल लांबी 2.825 इंच) आणि नेकमध्ये उरणारा बुलेटचा सरळ भाग.

रीडिंग वाढण्याऐवजी अचानक घटलं तर? थ्रोट मागे येत नाही. केसच्या तोंडापुढे कार्बनची रिंग जमलेली असते आणि बुलेट लँडच्या आधी तिथेच अडते. याच रिंगमुळे दाब वाढतो, बोल्ट जड उघडतो, ग्रुप फुटतो, आणि लोक चांगलं बॅरल संपलं म्हणून काढून टाकतात. कार्बन सॉल्व्हंट लावून मुरू द्या आणि ब्रॉन्झ ब्रशने काढा. तरी राहिली तर पॅचवर (कापडाच्या तुकड्यावर) जेबी किंवा आयोसो ही घासून साफ करणारी पेस्ट घेऊन फक्त तेवढ्याच जागेवर थोडे आखूड फटके मारा. पूर्ण नळी घासायची गरज नाही.

बोअरस्कोपची (नळीच्या आत पाहायच्या दुर्बिणीची) उणीव भासते ती इथे. गेज बुलेटला आधी लागणाऱ्या लँडचंच सांगतं. एका बाजूची झीज, तडे, तांब्याचे थर, थूथनाच्या क्राउनवरचा (नळीच्या तोंडाच्या कडेवरचा) ओरखडा त्याला दिसत नाही. अर्थात बोअरस्कोपने घाबरवण्याचं कामही तितकंच केलं आहे. मगरीच्या कातडीसारखा दिसणारा थ्रोट कित्येकदा उत्तम मारतो. नेमाच्या दुर्बिणीचे माउंट, अॅक्शन स्क्रू, तांबं, कार्बन आणि क्राउन तपासून झाल्याशिवाय थ्रोटकडे वळू नये, हा क्रम आम्ही सोडत नाही.

तरीही थ्रोटच दोषी ठरला तर उपाय दोन. अपघर्षक लावलेल्या बुलेट झाडून खडबडीत थ्रोट गुळगुळीत करणाऱ्या संचांपैकी टबचा टीएमएस सगळ्यांना माहीत आहे. त्याने तांबं कमी चिकटतं, पण गेलेलं धातू परत येत नाही. दुसरा उपाय सेट-बॅक: बॅरल काढून मागचा अर्धा ते एक इंच लेथवर छाटायचा, आटे नवे पाडायचे आणि रीमरने चेंबर पुन्हा कापायचं. तडे किती पुढे गेलेत ते आधी बोअरस्कोपने बघून घ्या, नाहीतर छाटूनही नव्या थ्रोटमध्ये जुनेच तडे राहतात. क्रोम लाइन केलेल्या किंवा नायट्राइड केलेल्या बॅरलसाठी हे सहसा परवडत नाही. त्यांचा कडक थर साध्या रीमरची धार खाऊन टाकतो. बॅरल उताराचं, म्हणजे पुढे निमुळतं होत जाणारं असेल तर मागे सरकल्यावर स्टॉकमधली फट आणि साइटची जागाही बदलते. काम झाल्यावर चेंबरची लांबी तपासा: बोल्ट गो गेजवर (किमान मापाच्या ठोकळ्यावर) बंद झाला पाहिजे आणि नो-गोवर (त्याहून लांब ठोकळ्यावर) अडला पाहिजे.

परत आलेल्या रायफलीचं रीडिंग पहिल्या दिवशीच घेऊन नोंदवा, आता तोच नवा पाया. थ्रोट लांबत गेल्यावर वेग पडला म्हणून पावडर वाढवलेली असेल, तर ती जुनी काडतुसं या रायफलीत अजिबात वापरू नका. आखूड थ्रोटमध्ये तेवढीच पावडर बराच जास्त दाब करते. लोड तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा बांधत आणायचा.