विद्यार्थी साहाय्य कक्ष : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी मुलगी खानापूर तालुक्यातून रोज बसने बेळगावला जाऊन तेथील एका खासगी विद्यापीठात बीसीए करते. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकातील साहाय्य कक्षाचे पान मी जाहिरात समजून उलटले होते. ते मत आज बदलले आहे, मात्र पूर्णपणे नाही.

पहिल्या अंतर्गत परीक्षेत ती सी प्रोग्रामिंगमध्ये नापास झाली आणि शिक्षण सोडण्याची भाषा करू लागली. कक्षाने नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापिकेने तिला दर बुधवारी अर्धा तास थांबवून घेतले, प्रोग्राम आधी मराठीत तोंडी सांगायला लावला आणि मगच संगणकाला हात लावू दिला. तिच्या वहीच्या समासात ‘पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता, घर नव्हे’ हे वाक्य अजून आहे. दुसऱ्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. खासगी विद्यापीठाचा गाडा मुख्यतः शुल्कावर चालतो. विद्यार्थी मध्येच गळाला तर पुढील वर्षांचे शुल्क जाते आणि निकालही खालावतो. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सात निकषांत पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य व प्रगतीचाच होता. म्हणून तो अर्धा तास प्राध्यापिकेच्या कार्यभारात अधिकृतपणे धरला जावा, असे मला मनापासून वाटते; सध्या तो केवळ त्यांच्या आस्थेवर चालतो.

शिष्यवृत्तीचा अनुभव मात्र क्लेशदायक ठरला. कर्नाटक सरकारच्या एसएसपी या शिष्यवृत्ती पोर्टलवर आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेतील नाव जुळेना. खिडकीवरून कन्नडमधील सूचनापत्र हाती देऊन आम्हाला तीनदा परत पाठवले, आणि प्रत्येक खेपेला माझा कामाचा दिवस बुडाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार तक्रार निवारण समितीने शक्यतो 15 कार्यदिवसांत अहवाल द्यायचा असतो. आमच्या तक्रारीला उत्तर यायला सहा आठवडे लागले, आणि तोवर अ‍ॅपवर ‘प्रक्रियेत’ एवढाच शब्द दिसत राहिला. अखेर दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका लिपिकाने शेजारी बसवून वीस मिनिटांत अर्ज मार्गी लावला.

सीमाभागातील पालकांनी प्रवेशापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : खिडकीवर मराठी समजणारे कोण आहे, आणि एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आहेत. माझ्या मुलीच्या मार्गदर्शकाकडे पस्तीस आहेत.