बांबू नेण्याच्या रस्त्याचं काम आणि आमचा जेसीबीवाला, ५ पैकी साडेतीन स्टार

गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (म्हणजे जंगलावर गावाचा हक्क) मिळाला, मग हळूहळू आमच्यासारख्या बऱ्याच गावांना मिळाला, आता बांबू आणि तेंदूपान ग्रामसभाच विकते. पण ट्रक आत यायला पाहिजे ना! व्यापारी पहिले रस्त्याचंच विचारतो, रस्ता खराब म्हटलं की भाव पाडायला त्याला कारण मिळतं. नऊ किलोमीटरचा जुना कच्चा जंगलरस्ता आहे, तो आता आमच्याच गळ्यात.

दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने (नाव नाही घेत) या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसकट मुरूम टाकून दिला. दिसायला एकदम झकास, फोटोबिटो काढले, जुलैच्या पहिल्या झडीत मुरूम नाल्यात आणि ग्रामसभेचे पैसेपण नाल्यात.

म्हणून मागच्या वर्षी दुसरा जेसीबीवाला शोधला, त्याचंपण नाव इथे टाकत नाही पण त्याचं काम सांगण्यासारखं आहे. हा गडी मशीन न आणताच आला. तेपण ऐन सप्टेंबरात, पाऊस चालू असताना. म्हणे उन्हाळ्यात सगळेच रस्ते चांगले दिसतात, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते आत्ताच दिसल. सोबत पॉलिटेक्निक झालेला एक पोरगा होता, तो मोबाईलवर जागा टिपत होता, आणि आमच्याकडचे दोन म्हातारे त्याने मुद्दाम मागून घेतले कारण कोणता नाला कोणत्या साली कुठून फुटला ते त्यांनाच माहीत.

पूर्ण नऊ किलोमीटर पायी. दगडांवर तीन रंग मारले. लाल म्हणजे जिथे पाणी रस्ताच कापून नेतंय, पिवळा म्हणजे ट्रक फसतो पण रस्ता कुठे जात नाही, हिरवा म्हणजे नुसते खड्डे, हाडं खिळखिळी होतात पण गाडी निघते. एकूण २७ जागा निघाल्या आणि लाल फक्त ६! त्यातल्या ४ फाट्याच्या अलीकडे. फाट्याच्या अलीकडचा तुकडा तुटला की मागचं सगळंच बंद, म्हणून पैसा पहिले तिथे. आणि शेवटच्या तीन किलोमीटरला हातच लावायचा नाही असं तो म्हणाला, कारण तिकडे यंदा बांबूतोडीची पाळीच नाही, तिथे फक्त आडवे चर मारा आणि लाकूड टाकून रस्ता बंद करा, ओल्यात ट्रॅक्टर गेला की चाकोऱ्या पडतात आणि मग चाकोरीचाच नाला होतो.

यावर ग्रामसभेत जे भांडण झालं! मागच्या टोल्यावरचे (म्हणजे वस्तीवरचे) लोक म्हणे आमच्याच बाजूला का नाही. त्यांचं चुकीचं नव्हतं, पेशंट न्यायचा तर तेपण त्याच रस्त्याने. शेवटी त्यांच्या टोल्यापर्यंतचा एक पिवळा स्पॉट यादीत वर घेतला, जेसीबीवाल्याने कुरकुर न करता घेतला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मोरीची. जुने पाईप फूटभर रुंदीचे, सागाचं एक पान केवढं असतं बघा, दहा-बारा पानं आडवी झाली की तोंड बंद आणि पाणी रस्त्यावरून. दोन ठिकाणी दोन फुटी सिमेंट पाईप टाकले आणि बाकी ठिकाणी पाईपच नको म्हणे, दगड बसवून रपटा करा म्हणजे पाणी त्याच्यावरूनच निघून जाईल, श्रावणात पानं काढायला आत कोण जाणार आहे. चढावर रस्त्यात तिरके चर काढले, चढ जास्त तिथे चर एकमेकांच्या जवळ.

आता दीड स्टार कुठे गेला ते. मार्चचं बोलून मशीन मे महिन्यात आली, तेव्हा सगळं गाव तेंदूपानावर, दगड रचायला माणूस मिळेना. दुसरं म्हणजे ऑपरेटरने रस्ता सपाट करताना दोन्ही कडांना मातीचा बांध सोडला. त्यामुळे पाणी बाहेर पडतच नाही, रस्त्यातूनच धावतं, आम्हीच नंतर कुदळी घेऊन जागोजागी तोंडं फोडली. हे मालकाला कळतं पण मशीनवर बसलेल्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं. स्वतः उभे राहा बाबांनो.

पावसाळ्यानंतर परवा फिरून आलो. सहापैकी पाच लाल जागा टिकल्या. सहावीत चराचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दगड कमी पडले होते, कमरेएवढा खड्डा झालाय. हिरव्या जागा होत्या तशाच आहेत, ड्रायव्हर शिव्या देतात, देऊ देत.

बोलावणार असाल तर एक सांगतो, मशीन रोडने चालत येते आणि येण्याजाण्याचे तासपण मीटरमध्ये धरतात. दोन-तीन गावांनी मिळून एकाच आठवड्यात काम लावा, आम्ही पुढच्या वेळी तसंच करणार, आणि तेंदूच्या आधीची तारीख लिहून घेणार.