चाळीस टक्के म्हणजे नेमके कशाचे? स्टीम, मर्क्युरी आणि प्रोसेसर घ्यायला निघालेले आपण

नवा गेमिंग पीसी जोडायचा म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. प्रोसेसर इंटेलचा घ्यायचा की तिची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचा, हा नेहमीचा वाद. एक जण म्हणतो, "आता इंटेल कोण घेतं?" दुसरा लगेच स्टीम या ऑनलाइन गेम विकणाऱ्या सेवेचा सर्व्हे उघडून दाखवतो, "दहातले सहा गेमर अजून इंटेलवर आहेत, बघ." गंमत अशी की दोघांकडेही खरे आकडे असतात. २०२५ च्या मध्यावर स्टीमच्या सर्व्हेत एएमडीचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. त्याच सुमारास बाजाराचे आकडे काढणाऱ्या मर्क्युरी रिसर्च या संस्थेच्या हिशेबात डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तो साधारण ३२ टक्के होता. आणि जर्मनीतल्या माइंडफॅक्टरी या दुकानात विकल्या जाणाऱ्या शंभर प्रोसेसरपैकी नव्वदच्या आसपास एएमडीचे होते.

एकाच कंपनीचे तीन आकडे, आणि तिन्ही बरोबर. रस्त्यावर धावणाऱ्या स्कूटर मोजल्या तर काकांची जुनी चेतकही मोजणीत येते. कारखान्याच्या फाटकावर उभं राहिलात तर फक्त नव्या गाड्या दिसतात. आणि एकाच शोरूमसमोर बसलात तर त्या भागातल्या लोकांची आवड तेवढी कळते. स्टीम रस्ता मोजतं, मर्क्युरी फाटक, माइंडफॅक्टरी शोरूम.

स्टीम: सगळ्यात मोठं पातेलं, पण ढवळलेलं नाही

स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी दर महिन्याला काही वापरकर्त्यांना विचारते, तुमच्या मशीनची माहिती घेऊ का? हो म्हणणं ऐच्छिक. किती जणांना विचारलं, किती हो म्हणाले, हे ती छापत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. इथेच घोळ होतो.

२०१७ ची गोष्ट अजून सांगण्यासारखी आहे. त्या ऑगस्टपासून सर्व्हेचे आकडे विचित्र हलायला लागले. विंडोज १० मागे पडून विंडोज ७ चा वाटा नोव्हेंबरात ७० टक्क्यांच्या वर गेला. स्टीम सरल चिनी भाषेत वापरणारे ६० टक्क्यांच्या पुढे. चार कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) प्रोसेसर वाढले, इंटेल फुगली, एएमडी एक आकडी टक्क्यांवर घसरली. आणि हे कधी? एएमडीचा नवा प्रोसेसर रायझेन बाजारात येऊन काही महिनेच झाले होते आणि दुकानांत तो चांगला खपत होता. "रायझेन आपटला" असं तेव्हा या तक्त्याच्या जोरावर छातीठोकपणे सांगणारे होतेच.

कारण निघालं सायबर कॅफेचं. एक मशीन वर्षातून एकदाच मोजलं जावं म्हणून सर्व्हे झाल्याची नोंद त्या मशीनवरच ठेवली जायची. घरच्या पीसीला हे ठीक. पण आशियातल्या अनेक कॅफेंमध्ये मशीन ज्या पद्धतीने सांभाळली जातात, त्यात ही युक्ती चालत नव्हती आणि कॅफेतली गिऱ्हाइकं पुन्हापुन्हा मोजली जात होती. व्हॉल्व्हने दुरुस्ती केली ती एप्रिल २०१८ च्या आकड्यांपासून, आणि आधीचे सात महिने मोजणी चुकल्याचं स्वतःच जाहीर केलं. म्हणजे सात महिने जगभरचे लोक ज्या तक्त्यावरून भांडत होते, त्यात इंटेलचा वाटा काही अंशी कॅफेवाल्यांच्या खरेदीचा होता.

दुरुस्तीनंतरही उड्या थांबल्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये सरल चिनी एका महिन्यात निम्म्याच्या वर गेली, आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाचा वाटा दुपटीहून जास्त झाला, एएमडी खाली आली. पुढच्या महिन्यात सगळं बरंचसं जागेवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तोच प्रकार. महिन्याभरात कोट्यवधी लोक कार्ड बदलून परत जुनं लावत नाहीत. बदलतं ते विचारलेल्या लोकांचं मिश्रण.

म्हणून माझी एक सवय आहे. स्टीमचा तक्ता उघडला की प्रोसेसरआधी भाषेची ओळ बघायची. ती एकदम पंधरा-वीस टक्क्यांनी हलली असेल तर त्या महिन्याच्या बाकीच्या आकड्यांवर वेळ घालवायचा नाही.

आणखी दोन गोष्टी. स्टीमच्या प्रोसेसरच्या तक्त्यात कंपनी, वेग आणि कोअरची संख्या मिळते, ग्राफिक्स कार्डांसारखी मॉडेलची नावं नाहीत. इंटेलचा आठ वर्षं जुना आय५ आणि कालच घेतलेला कोअर अल्ट्रा, दोघांना एकच मत. शिवाय स्टीम डेक या व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या पीसीत एएमडीची चिप असते. डेक घेणाऱ्याने प्रोसेसर निवडलेला नसतो, पण तोही एएमडीच्याच खात्यात जातो.

मर्क्युरी: हिशेब पक्का, पण गेमरचा नाही

मर्क्युरी दर तिमाहीला किती प्रोसेसर रवाना झाले ते मोजते. डेस्कटॉप, लॅपटॉप, सर्व्हर वेगवेगळे दाखवते, हा मोठा फायदा. स्टीम डेस्कटॉप-लॅपटॉप एकत्र करतं, त्यामुळे वर मी ४० आणि ३२ शेजारी मांडले तेच खरं तर चुकीचं आहे. मर्क्युरीच्या लॅपटॉपच्या खान्यात एएमडी तेव्हा वीस टक्क्यांच्या आसपास होती. स्टीमच्या मिश्र आकड्यात ती त्याहून बरीच वर दिसते, कारण बँका आणि कचेऱ्या ठोकभावात इंटेलची मशीनं घेतात आणि त्यांवर कुणी गेम खेळत नाही.

नगांऐवजी पैशांत मोजलं तर डेस्कटॉपमधल्या त्याच ३२ चे साधारण ३९ होतात. एएमडीचे महाग प्रोसेसर जास्त खपतात, एवढाच त्याचा अर्थ. रवाना झालेला माल विकला गेलाच असंही नाही. २०२२ च्या उत्तरार्धात दुकानांत माल तुंबला तेव्हा कारखान्यांनी पाठवणी आखडती घेतली आणि वाटे वेडेवाकडे झाले.

बाकीचे दोन

माइंडफॅक्टरी म्हणजे स्वतः पीसी जोडणाऱ्या जर्मन हौशी लोकांचं दुकान, तेही मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेलं. हौशी मंडळींचा कल कळायला उत्तम, त्यापलीकडे काही नाही. पासमार्कचा तक्ता त्यांचं बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, चालवणाऱ्यांचा. जानेवारी २०२१ मध्ये त्यात डेस्कटॉपवर एएमडी ५०.८ टक्के दिसली आणि मथळे झाले. तिमाही नुकती सुरू झालेली, नमुने थोडे.

मग तुम्ही काय बघायचं?

गेम बनवणारे कशाचा विचार करतात हे हवं असेल तर स्टीम, तेही कोअरची ओळ. २०२५ च्या मध्यावर सहा कोअर सगळ्यात जास्त होते, त्याखालोखाल आठ. सहापेक्षा कमी घेऊ नका, एवढं ठरवायला हे पुरतं. कंपन्यांचं बरं चाललंय की वाईट, यासाठी मर्क्युरी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार "सगळे हेच नेतात" म्हणाला तर तो माइंडफॅक्टरीसारखाच एक आकडा समजा, वर त्याच्याकडे पडून असलेला साठा धरा.

प्रोसेसर निवडायला मात्र यातलं एकही कामाचं नाही. एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे आज स्वस्तातला घेऊन पुढे त्याच बोर्डावर वरचा बसवता येईल. माझा कौल त्या बाजूला आहे. बजेट फारच आवळलेलं असेल तर वापरलेला इंटेल हा पर्याय उरतो, पण १३व्या-१४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर जपून घ्या. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही खराब होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच खराब झालेली चिप त्याने बरी होत नाही. ही दुरुस्ती बायोसमधून, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून येते, म्हणून विकणाऱ्याला बायोस कधी अपडेट केला ते विचारा, बिल मागा. स्टीमच्या तक्त्यात तो प्रोसेसर शेवटच्या दिवसापर्यंत इंटेलच्या खात्यात एक म्हणूनच मोजला जाईल.