जुना ज्युरासिक की नवा? हॉलिवूडच्या भव्यपटांवर पैसे कुठे घालावेत

नवा हॉलिवूडपट थिएटरात जाऊन पाहावा की तेवढ्याच वेळात घरी एखादा जुना लावावा? ‘आता पूर्वीसारखं काही बनत नाही’ एवढ्यावर हा निर्णय होत नाही. एकाच मालिकेतला जुना आणि नवा चित्रपट शेजारी ठेवून पाहिला तर मात्र बरंच कळतं, कारण विषय तोच असतो, प्रेक्षकाची अपेक्षाही तीच असते आणि बदललेली असते ती बनवण्याची पद्धत.

आधी एक खबरदारी. १९९३ म्हटलं की सगळ्यांना ‘ज्युरासिक पार्क’ आठवतो. त्याच मोसमात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘लास्ट ॲक्शन हीरो’ही आले होते आणि आपटले होते. १९९७ने ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ आणि ‘स्पीड २’ दिले, १९९८ने अमेरिकी ‘गॉडझिला’. तीस वर्षांच्या चाळणीतून उरलेले चित्रपट आणि या शुक्रवारी आलेला, कोणीही न निवडलेला चित्रपट यांची तुलना लावली तर जुनं जिंकणारच.

तरीही एक घसरण निर्विवाद आहे, ती विविधतेची. १९९३च्या जागतिक कमाईतल्या पहिल्या दहांत एकही सीक्वेल नव्हता. डायनासोर होते, पण त्यांच्या जोडीला वकिलांचे दोन थरारपट, आजीचं सोंग घेणारा घटस्फोटित बाप आणि ज्यूंच्या संहारावरचा कृष्णधवल चित्रपटही होता. २०२४च्या पहिल्या दहांत नऊ चित्रपट कुठल्या ना कुठल्या मालिकेतले, आणि दहावा ‘विकेड’, म्हणजे गाजलेल्या संगीत नाटकाचा पूर्वार्ध. मोठ्या माणसांसाठी बनणारा मध्यम बजेटचा चित्रपट पूर्वी थिएटरात कमी पडला तरी डीव्हीडीवर पैसे वसूल करायचा. तो आधार गेला आणि असले विषय ओटीटीच्या मालिकांकडे वळले. तुम्हाला तसलं काही हवं असेल तर आजच्या भव्यपटांच्या यादीत शोधूच नका.

ज्युरासिक पार्क (१९९३) आणि ज्युरासिक वर्ल्ड (२०१५)

पहिला चित्रपट १२७ मिनिटांचा, आणि त्यात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातली सहाएक मिनिटं संगणकावर बनलेली. बाकीचं काम स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेतल्या यांत्रिक पुतळ्यांचं. टी-रेक्सचा पुतळा कित्येक टनांचा, हायड्रॉलिक यंत्रणेवर चालणारा. त्याची फोमची कातडी पावसाच्या दृश्यात पाणी शोषून घ्यायची, वजन वाढायचं आणि सगळा प्राणी थरथरू लागायचा. मग दोन शॉटच्या मध्ये त्याला पुसून कोरडं करत बसायचं. असलं यंत्र सेटवर असताना ‘आणखी पाच कोनांतून घेऊन ठेवू, नंतर बघू’ म्हणायची सोय नसते. कॅमेरा कुठे, प्रकाश कुठून, प्राणी किती सेकंद दिसणार, हे सगळं आधी कागदावर ठरवावं लागतं.

त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. हल्ल्याच्या प्रसंगात कॅमेरा बहुतेक वेळ माणसाच्या उंचीवर, गाडीत अडकलेल्या मुलांसोबत राहतो. आधी पेल्यातल्या पाण्यावर वलयं उठतात (डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडली होती), मग कुंपणाची तार तुटते, आणि प्राणी त्यानंतर. या प्रसंगात पार्श्वसंगीत अजिबात नाही. पाऊस, पत्रा आणि डरकाळी एवढंच. रात्र आणि पाऊस यांमुळे त्या काळच्या संगणकीय चित्राच्या कच्च्या कडाही झाकल्या जातात. चित्रपट निर्दोष आहे असं नाही. ज्या कुंपणातून टी-रेक्स सपाट जमिनीवरून चालत बाहेर येतो, तिथेच काही मिनिटांनी खोल कडा निघतो आणि गाडी त्यात कोसळते. ही ढोबळ चूक आहे, पण त्या क्षणी कोण कुठे आणि कोणाला कशाची भीती, हे इतकं स्पष्ट असतं की पाहताना बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही.

‘ज्युरासिक वर्ल्ड’मधले प्राणी तंत्राच्या दृष्टीने कितीतरी पुढचे आहेत. भर उन्हात त्यांची कातडी आणि स्नायू नीट दिसतात. यांत्रिक पुतळा मात्र एकच, मरणाऱ्या अपाटोसॉरसचं डोकं आणि मान. आणि नेमका तोच प्रसंग मनात राहतो, कारण नटांच्या हाताखाली खरंच काहीतरी आहे. इतरत्र कॅमेरा हवा तिथे उडतो, प्राणी हवे तितके दिसतात, आणि सारखा दिसणारा प्राणी कितीही मोठा केला तरी लहान वाटू लागतो. शेवटच्या झुंजीत कोण कुठे आहे ते समजतं, पण कोणाचं काय होणार याची धास्ती वाटत नाही.

निवड सोपी आहे: १९९३चा. फक्त, सोबत आठ-दहा वर्षांचं अधीर मूल असेल तर २०१५चा त्याला जास्त धरून ठेवेल, कारण त्यात उद्यान चालू आहे, गर्दी आहे आणि गोंधळ लवकर सुरू होतो. २०२५च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड: रीबर्थ’मध्ये पहिल्या चित्रपटाचे सहलेखक डेव्हिड केप परतले. त्यातला नदीवरचा टी-रेक्सचा प्रसंग मूळ कादंबरीतला आहे, १९९३ साली तो राहून गेला होता. तो एक प्रसंग पाहण्याजोगा. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स ठरले फेब्रुवारी २०२४मध्ये आणि चित्रपट लागला २ जुलै २०२५ला. एवढ्या मोठ्या कामाला जेमतेम सतरा महिने, आणि बाकीच्या चित्रपटात ते जाणवतं.

टॉप गन (१९८६) आणि टॉप गन: मॅव्हरिक (२०२२)

इथे पारडं उलटं फिरतं, म्हणून ही जोडी महत्त्वाची. जुन्यात विमानं खरी होती, पण कॉकपिटमधले नटांचे बहुतेक क्लोजअप जमिनीवरच्या सांगाड्यात घेतलेले. हवाई लढाईत कोण कोणाच्या मागे आहे हे कळेपर्यंत शॉट बदलतो. गाणी आणि मावळतीचा उजेड सोडला तर कथा पातळ आहे.

‘मॅव्हरिक’मध्ये पुढच्या आसनावर नौदलाचा वैमानिक विमान चालवायचा आणि मागे नट बसायचा. कॉकपिटमध्ये एकाच वेळी सहा कॅमेरे. दिग्दर्शक जमिनीवर, त्यामुळे कॅमेरा चालू-बंद करण्यापासून सगळं नटानेच पाहायचं आणि विमान उतरल्यावर टेप पाहूनच कळायचं की काम झालं की नाही. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी एकेका ओळीची तालीम. अशा सुमारे ८०० तासांच्या चित्रणातून १३० मिनिटांचा चित्रपट निघाला. ‘यात संगणकीय काही नाही’ ही जाहिरातबाजी मात्र खरी मानू नका. त्यात सुमारे २,४०० व्हीएफएक्स शॉट आहेत, म्हणजे संगणकावर काही ना काही जोडलेले किंवा बदललेले. ते ओळखू येत नाहीत, कारण ज्यावर ते चढवले आहेत तो प्रकाश, तो वेग आणि चेहऱ्यावर येणारा तो दाब खरा आहे.

पटकथेतली हुशारी तर अजून कमी लोकांनी टिपली आहे. वैमानिकांची मोहीम अशी: दरीतून खाली राहून जायचं, डोंगरावरून उलटं होऊन उतरायचं, बॉम्ब टाकायचा, मग जीवघेणी चढण, आणि वेळ अडीच मिनिटं. हा नकाशा सरावातून पुन्हा पुन्हा दाखवला जातो. त्यामुळे शेवटच्या मोहिमेत कोणी समजावून सांगायला लागत नाही. कुठे काय चुकू शकतं हे प्रेक्षकाला पाठ असतं. हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला तर तिकीट काढा. जुना घरी पाहिला तरी चालतो.

माशी कुठे शिंकते

दोष संगणकाचा असता तर ‘मॅव्हरिक’ फसला असता. वेगवान कटिंगचा असता तर २०१५चा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ फसला असता. दोन तासांत सुमारे २,७०० कट, म्हणजे शॉट सरासरी अडीच सेकंदांच्या आसपास. तरी डोळा दमत नाही, कारण पाहायची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवली आहे. कट झाला की नजर शोधत फिरत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलरनी पटकथेआधी साडेतीन हजारांच्या आसपास चित्रचौकटी (स्टोरीबोर्ड) काढून घेतल्या होत्या, म्हणूनच हे जमलं.

म्हणजे फरक पडतो तो निर्णय कधी घेतला याने. जुन्या तंत्रात आधी ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आजचं तंत्र ‘नंतर बघू’ म्हणू देतं, आणि प्रदर्शनाची तारीख आधी व पटकथा मागून अशा स्थितीत स्टुडिओ ती मुभा पुरेपूर वापरतात. मागे कुठलीही पार्श्वभूमी चिकटवता यावी म्हणून नटांवर सपाट, सगळीकडून सारखा प्रकाश टाकला जातो. मग मागे सूर्यास्त आला तरी चेहरा ढगाळ दुपारचाच राहतो. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळात प्रेक्षकांना शेवट पसंत पडला नाही की पुन्हा शूटिंग होतं आणि शेकडो नवे शॉट काही आठवड्यांत उरकले जातात. तिसऱ्या अंकातली लढाई बहुतेकदा सर्वांत कच्ची दिसते ती यामुळे.

हा भार ज्यांच्यावर पडतो त्यांत मुंबईतले लोकही आहेत. व्हीएफएक्स कंपन्या बहुधा ठरीव रकमेत काम घेतात. बदल वाढले की तोटा त्यांचा. ऱ्हिदम अँड ह्यूजने फेब्रुवारी २०१३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात ‘लाइफ ऑफ पाय’साठी त्यांच्या कामाला ऑस्कर मिळालं. या कंपनीची मुंबई आणि हैदराबादेतही केंद्रं होती. मुंबईत मोठा स्टुडिओ असलेल्या डीएनईजी या दुसऱ्या व्हीएफएक्स कंपनीचं नाव ‘ड्यून’च्या ऑस्करमध्ये आहे, आणि लक्षातही न राहणाऱ्या कित्येक चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही. कसब तेच, वरून येणारे निर्णय वेगळे.

‘ड्यून’चंच (२०२१) पाहा. पार्श्वभूमी नंतर चिकटवण्यासाठी नटामागे लावलेल्या हिरव्या पडद्याचा हिरवा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि तो नंतर पुसत बसावा लागतो. इथे बऱ्याच ठिकाणी वाळूच्या रंगाचे पडदे लावले, त्यामुळे परतणारा उजेडही वाळवंटाचाच. युक्ती साधी आहे, पण नटाच्या मागे काय असणार हे शूटिंगच्या दिवशी माहीत असेल तरच ती चालते. नटांच्या मागे पार्श्वभूमी थेट दाखवणाऱ्या मोठ्या एलईडी भिंतीचंही तसंच. पार्श्वभूमी आधी तयार हवी. शिवाय मंच मर्यादित, म्हणून पात्रं मध्यभागी घोळक्याने उभी राहतात आणि दहा पावलांपलीकडे कोणी चालत नाही. हे एकदा लक्षात आलं की सारखं दिसू लागतं, क्षमस्व.

या नियमाला एक ठसठशीत अपवाद आहे. २०२३चा ‘द क्रिएटर’ ८ कोटी डॉलरमध्ये बनला. खऱ्या ठिकाणी, छोट्या कॅमेऱ्यावर आधी शूटिंग आणि संकलन झालं, आणि यंत्रमानव व इमारती त्यावर नंतर रचल्या. दिसायला तो दुप्पट खर्चाच्या चित्रपटांना लाजवतो. पण पटकथा ढिली, त्यामुळे दुसऱ्यांदा पाहावासा वाटत नाही.

तिकीट काढण्याआधी

ट्रेलर आवाज बंद करून पाहा. चेहऱ्यावरचा प्रकाश मागच्या आकाशाशी जुळतो का? पावलं जमिनीला टेकतात का, सावली पडते का? मारामारीत कोण कोणाला मारतंय ते आवाजाशिवाय कळतं का? तीनही उत्तरं ‘नाही’ आली तर ओटीटीची वाट पाहा. काम पुरं करायला तारीख पुढे ढकलली ही वाईट बातमी नव्हे. तारीख तीच ठेवून प्रदर्शनाच्या तोंडावर मोठं पुनर्चित्रण झालं, तर सावध व्हा.

थ्रीडी टाळा, चित्रपट मुळात थ्रीडीत चित्रित झाला असेल तरच जा. चष्म्याने उजेड बराच कमी होतो आणि रात्रीचे प्रसंग काळवंडतात. आयमॅक्सचे जादा पैसे त्या चौकटीसाठी चित्रण झालं असेल तरच द्यावेत. अडीच-पावणेतीन तासांच्या चित्रपटात आपल्याकडचं मध्यंतरही हिशेबात धरा. मूळ चित्रपटात ते नसतं, थिएटरवाले टाकतात, आणि बऱ्याचदा ऐन रंगात आलेला प्रसंग तुटतो.

घरी पाहणार असाल तर ‘ज्युरासिक पार्क’ची चौकट १.८५:१ (रुंदी:उंची), म्हणजे टीव्हीचा पडदा जवळजवळ पूर्ण भरतो. २.३९:१ चौकटीच्या चित्रपटात पडद्याचा चौथा हिस्सा काळ्या पट्ट्यांत जातो, म्हणून लहान टीव्हीवर ‘ज्युरासिक पार्क’ जास्त भव्य दिसतो. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा, नाहीतर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे वाटत असतील तर ॲपमधला आवाज ५.१ऐवजी स्टिरिओवर ठेवा. अनेक स्पीकरांसाठी बनलेल्या मिश्रणात संवाद मधल्या स्पीकरवर असतात, आणि टीव्हीला तो नसतोच. तरीही नीट ऐकू येत नसेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमधला रात्रीचा मोड लावून पाहा. त्याने मोठे आवाज दबतात आणि बोलणं वर येतं.