बर्कलेची 'गॅरंटी' आणि आमचे ४,९६० डॉलर

कॅलिफोर्नियात ज्यांची मुलं कम्युनिटी कॉलेजात आहेत त्यांनी नीट वाचा. कोणी 'बर्कलेचं टॅग करून देतो' म्हणाला की तिथूनच उठा. टॅग, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफरची लेखी हमी, यूसीचे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे) सहाच कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कले, यूसीएलए, सॅन डिएगो देतच नाहीत. आणि ती फुकट असते.

या नसलेल्या हमीचे एका कन्सल्टंटने आमच्याकडून ४,८०० डॉलर घेतले. आधी १,५०० 'रजिस्ट्रेशन', मग ३,३०० 'सीट कन्फर्मेशन', दोन्ही झेलवर, म्हणजे थेट बँक खात्यातून. वर दोन अर्जांची फी, ८० प्रमाणे १६०. माणूस मराठी, गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झालेली, मुलगी त्याला काका म्हणायची. आम्हाला मागच्या दाराने शिरायचं नव्हतं, तिचा जीपीए चांगला होता. आम्ही दोघंही या देशात शिकलेलो नाही. जाणकाराला विचारलं, यात काय गैर?

एक प्रसंग आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या-सोनेरी लेटरहेडचं बर्कलेच्या टॅगचं पत्र पाठवलं. मुलीने ते मोठं करून पाहिलं. आडनाव चुकीचं, खाली सही कोणाचीच नाही. म्हणाली, "बाबा, बर्कलेला टॅग नसतं ना?" मी लगेच त्याला फोन लावला. "दादा, ते पब्लिकसाठी. आपलं इंटर्नल चॅनलने होतं." तिथेच सगळं उघड होतं! पण इतक्या ठाम आवाजात, इतक्या आपुलकीने कोणी खोटं बोलेल असं कोणाच्या मनात येतं?

पैसे गेले ते गेले. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर एवढाच भरता येतो, आणि 'मी करतोय ना' म्हणत त्याने तो महिना घालवला. डेव्हिसची खरी हमी तिच्या आवाक्यात होती. नोव्हेंबरात यूसीच्या अर्जाचा पासवर्ड त्याच्याकडेच. त्याने अर्ज टाकले फक्त बर्कले आणि यूसीएलएला. एप्रिलमध्ये दोन्हीकडून नकार. पासवर्ड सख्ख्या भावालाही देऊ नका. अर्ज मुलांच्या नावावर असतो, त्यात खोटं निघालं तर भोगायचंही त्यांनीच.

तक्रारीची तर वेगळीच तऱ्हा. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी रिपोर्ट नंबर हातात ठेवला आणि 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून मोकळे झाले. फेडरल साइटवर सगळं भरलं, पोच आली, पुढे कोणी बोलायला नाही. कॉलेज म्हणतं, बाहेरच्या कन्सल्टंटशी आमचा संबंध नाही. मग संबंध आहे तरी कोणाचा? चोराचं नाव, नंबर, पैशांच्या पावत्या सगळं आम्ही दिलं, तरी फोन करायला कोणाला सवड नाही!

कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमध्ये काउन्सेलर फुकट भेटतो, त्याला गाठा. कुठला कोर्स कुठे धरतात ते असिस्टच्या साइटवर फुकट दिसतं. फी द्यायचीच तर क्रेडिट कार्डाने द्या, भांडता तरी येतं.

तो अजून बे एरियातच आहे, नवीन मुलं गोळा करतोय. तुमच्याकडूनही पैसे घेतले असतील तर लाजेखातर गप्प बसू नका, पोलिसांत लेखी द्या. एकट्या घराची तक्रार फाइलमध्ये पडून राहते. चार घरं मिळून गेलो तर त्यांना ती उघडावीच लागेल.